रोझा

इटलीत तीन वर्षं काढून परतलो आणि १९८८ साली जळगावात प्रदर्शन लावलं. भिंतीभर तिकडचं लख्ख ऊन, निळा समुद्र आणि लिंबाच्या बागेतल्या गोऱ्या बायका. धुळ्याकडच्या आमच्या खेड्यातून माय आली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेली बाई ती, पाहुण्यांच्या गर्दीत अवघडून उभी होती. सगळ्यात मोठ्या चित्रासमोर आली आणि तिथून हललीच नाही.

"हाई कोन शे रे भिकन?"

शेजारी कापडाचे व्यापारी इंदरचंद शेठ तेच चित्र निरखत होते. त्यांना ऐकू जाईल असं मी अगदी शुद्ध बोललो, "तिकडची एक बाई आहे. रोझा नावाची."

माय आणखी पुढे झाली. चित्रातल्या बाईनं कमरेला झोळी बांधली होती, गाठ उजवीकडे, आणि फांदीकडे गेलेला हात डावा होता.

"ती बी मन्हासारखी डावरी शे का?"

"असेल," मी म्हणालो. मायनं आपला डावा हात पदराखाली घेतला. चित्र शेठजींनी त्याच दिवशी घेतलं.

दोन वर्षांनी माय गेली. फोटो काढायला ती कधी बसलीच नव्हती. दहाव्याला समोर ठेवायला काहीच मिळेना, तेव्हा मी शेठजींच्या घरी गेलो आणि चित्र एका दिवसापुरतं मागितलं.

"न्या ना, खुशाल न्या," शेठजी म्हणाले. "पण आईच्या दहाव्याला ही इटलीची रोझा कशाला?"