आधी ताई

“आधी तुम्ही,” घुमी म्हणाली.

ताईने मुकाट्याने एचआयव्ही तपासणीचं पाकीट फाडलं. हे तिला नवं नव्हतं. संस्थेने शिकवताना सांगितलं होतं की बायकांना नुसतं समजावून सांगा. पण या घरातल्या बायका कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. बोलण्यावर विश्वास ठेवूनच तर त्या इथे आल्या होत्या. “तू घाल आधी तोंडात, मग आम्ही,” असं एकीने पहिल्याच दिवशी सुनावलं, आणि तेव्हापासून ताई दर खेपेला त्यांच्याबरोबर आपलीही तपासणी करायची. दाखवण्यापुरती. तिच्या पट्टीकडे मग कुणी बघत नसे, तीसुद्धा नाही.

तिने पट्टीचं चपटं टोक वरच्या हिरडीवरून फिरवलं, मग खालच्या.

“सुई नाही, रक्त नाही. एकदाच फिरवायचं, बास.”

घुमीने तसंच केलं. दोघींनी आपापली पट्टी आपापल्या नळीत उभी केली. आरशाखालच्या टेबलावर पावडरचा डबा, दात तुटलेला कंगवा आणि शेजारी शेजारी दोन नळ्या.

“आता थांबायचं. एक रेघ म्हणजे काही नाही, दोन म्हणजे पुढे बघू. सारखं डोकावायचं नाही. भात शिजताना झाकण उघडतो का आपण?”

घुमी हसली नाही. तिचं नावच तसं पडलं होतं. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर मिळायचं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि भिंतीकडे बघत राहिली.

“गोळी चालू आहे ना?”

“मध्ये सुटली होती.”

आजार लागू नये म्हणून रोज घ्यायची ती गोळी. घुमीला ताप आला, पोटात काही ठरेना, गोळीही उलटून पडायची. मग सवय मोडली. नेमका त्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाचा कंडोम फाटला. हे सगळं तिने शेजारणीबद्दल सांगावं तसं सांगितलं.

“तेव्हाच का नाही आलीस माझ्याकडे?”

“येऊन काय, शिवून देणार होतात?”

“अगं, लगेच आली असतीस तर वेगळ्या गोळ्या असतात.”

“आता झालं ते झालं.”

झालं त्याला बरेच महिने उलटले होते. लागण पट्टीवर दिसायला काही आठवडे लागतात, ते केव्हाच गेले; म्हणजे आज जे निघेल ते खरं. आणि घुमीला खरं आजच हवं होतं. तिची लेक मोठ्या बहिणीकडे वाढत होती. बहिणीने तोंडावर सांगितलं होतं, तसलं काही निघालं तर पोरीला तोंड दाखवायचं नाही. घुमी उद्या तिकडे जाणार होती. पलंगाखाली पिशवी भरून तयार होती, वर पोरीसाठी घेतलेला फ्रॉक.

“तुम्ही घेता का गोळी?” तिने एकाएकी विचारलं.

“मी?” ताई मनापासून हसली. “मला कशाला गं? आमचे हे म्हणजे गरीब गाय. महिन्यातून दोनदा घरी येतात, जेवतात आणि घोरतात.”

“घरी सगळ्यांच्या गायीच असतात.”

ताईने ते हसण्यावारी नेलं. तेवढ्यात दारावर थाप पडली. मालकीण. ताई बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

“काय निघालं? दोन रेघा असतील तर आत्ता सांग. मी घर चालवते, दवाखाना नाही.”

“निकाल तिचा, अक्का. तिला वाटलं तर ती सांगेल.”

“आणि मी काय आंधळी कोशिंबीर खेळू?”

मालकिणीला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी ताईने समजावलं. औषध मिळतं, औषध घेणारी बाई तुमच्या-आमच्यासारखी जगते, तिला बाहेर काढलंत तर उद्या बाकीच्या तपासायला येणार नाहीत. मालकीण शेवटी बडबडत जिना उतरली.

ताई आत आली तेव्हा घुमी तशीच बसलेली होती. हात मांडीवर ओढलेल्या चादरीत, डोळे टेबलावर.

ताईने तिकडे पाहिलं. घुमी बघत होती त्या नळीत पट्टी, पट्टीवर दोन रेघा. फिकट वगैरे नाही, चांगल्या ठसठशीत.

“पाहिलंस तू?”

घुमीने मान हलवली.

तो फ्रॉक ताईच्या डोळ्यांसमोरून हलेना. पण अशा वेळी काय बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ असलेलं माणूस सांभाळून नेतं. ती घुमीला खेटून बसली आणि तिने तिच्या पाठीवर हात ठेवला.

“ऐक. ही पहिली तपासणी. दवाखान्यात पुन्हा करतात, मी बरोबर येईन. तिथेही हेच निघालं तर रोज गोळी घ्यायची, कायमची. नीट घेतली तर माणूस म्हातारा होऊन मरतो. कळलं?”

“कळलं.”

“तुझी यात काही चूक नाही. कुणी दिलं, कधी दिलं, ते आज उगाळायचं नाही. त्याला शिव्या घालून काय मिळणार?”

घुमीने चादर आणखी जवळ ओढली.

“आणि घरी इतक्यात बोलायचं नाही. आधी खात्री करू.”

“घरी सांगायचं नाही?”

“आज नाही. आज दोन घास खायचे आणि झोपायचं. रडायचं असेल तर रड. मी आहे इथे.”

घुमी रडली नाही. ती ताईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने चादरीतून हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. मुठीत एक पट्टी होती, आणि तिच्यावर एकच रेघ.

“माझी मी मघाशीच उचलली, ताई,” ती म्हणाली. “ती तुमची आहे.”