पायफळी

"आधी दाते बघ," एनार म्हणाला आणि त्यानं शिकारीसाठी झाडावर चढवायच्या मचाणाची पाय टेकायची फळी, पायफळी, उलटी केली. "बोथट असले तर ओल्या सालीवर घसरतात."

दुकानदार रॉइस काउंटरवर कोपरं टेकून बघत होता. "सत्तरी उलटली लेका तुझी. आता झाडावर चढतोस?"

"माझ्यासाठी नाही. ड्वाइटसाठी."

एनारची मुलगी कारिन नवऱ्याला सोडून गेली त्याला सहा आठवडे होत आले होते. ना फोन, ना चिठ्ठी.

"एवढा वासराएवढा कुत्रा घेऊन ती बसमध्ये चढली तरी कशी?" रॉइस म्हणाला. "आणि तू जावयाला भेटी दे. धन्य आहे बाबा तुझी."

"तोही एकटाच पडलाय."

एनारला खरं कारण सांगवलं नाही. जाण्याआधी आठच दिवस कारिन बॅग घेऊन त्याच्या दारात आली होती, आणि 'संसार म्हटला की भांडणं आलीच' असं म्हणून त्यानं तिला परत पाठवलं होतं. ते त्याला रात्रंदिवस खात होतं. ती परत आली तर त्या घराचं दार उघडं असावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्यानं दोन मचाणं बाजूला सारली. एकाची साखळी वाजत होती, हरणं पळाली असती. दुसरं जडच्या जड. तिसरं हलकं होतं; वरची बैठक वेगळी, खालची पायफळी वेगळी, दोन्ही बुंध्याला विळखा घालून बसणाऱ्या.

"ह्या दोघींमधली दोरी मात्र विसरू नकोस," रॉइसनं बजावलं. "पायफळी निसटली की माणूस वर अडकलाच. मांजरासारखा."

"आधी मीच एकदा चढून बघतो," एनार म्हणाला.

शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस शनिवारी उजाडला. ड्वाइट आपल्या रानाच्या कडेला वाट बघत उभा होता. मचाण बघून त्याचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, तुम्ही माझं तोंडसुद्धा बघणार नाही."

"चल. ओढ्याजवळच्या पॉपलरवर चढ."

"तिकडं कशाला? हरणं टेकडीकडून येतात."

"सरळ, बिनफांद्यांचं झाड ते एकच आहे."

ड्वाइटनं बंदूक रिकामी करून तिला बारीक दोरी बांधली आणि ती खालीच ठेवली. वर पोचल्यावर ओढून घ्यायची, ही इथली रीत. दुसरी दोरी एनारनं बांधली. कॉफीच्या थर्मासासाठी, म्हणाला.

"पायांत पायफळीचे पट्टे अडकव. बूड टेक, पायांनी पायफळी वर उचल. आता उभा राहा, बैठक वर घे. हां, घाई नको."

ड्वाइट चढत गेला. सॉमिलमध्ये मोडलेला त्याचा गुडघा दर खेपेला कुरकुरत होता.

"इथं दात्यांच्या खुणा आहेत," तो वरून म्हणाला. "ताज्या. माझ्या रानात कोण चढलं?"

"चढ तू."

पंचवीस फुटांवर त्यानं कमरेचा पट्टा झाडाला आवळला.

"आता पाय मोकळे कर. दोन्ही वर घे. बैठक पक्की आहे का बघ."

ड्वाइटनं पाय वर घेतले. एनारनं थर्मासाची दोरी खसकन ओढली. तिचं दुसरं टोक पायफळीला होतं. पायफळी खडखडत खाली आली. बैठकीला जोडणारी दोरी एनारच्या खिशात होती.

"खुणा माझ्या आहेत," तो म्हणाला. "गेल्या रविवारी दिवसभर तिथं बसलो होतो. ओढ्याकडं बघ. काय दिसतं?"

खालून नुसते वाळके नेचे दिसत. वरून मात्र त्यांच्यामधली लांबट, खचलेली जागा स्पष्ट दिसत होती. माणूस मावेल एवढी.

ड्वाइटचा चेहरा पांढरा पडला. "तो टिपी आहे. ट्रक मागे घेताना चाकाखाली आला. शपथेवर सांगतो, तो कुत्राच आहे."

"टिपीला ती घेऊन गेली, असं तूच गावभर सांगत होतास."

"मग काय सांगू? पिल्लू असताना तुम्हीच दिला होता तिला! कळलं असतं तर ती परत आली असती का माझ्याकडं? खणा ना! खणून बघा!"

एनारनं त्या जागेकडं पाहिलं. फावडं ड्वाइटच्या कोठारात होतं, शंभर पावलांवर. पण मातीतून कारिनचा निळा कोट वर आला असता तर? तेवढं बळ त्याच्यात नव्हतं. त्याला ते ड्वाइटच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खरं बोलशील तेव्हा पायफळी देईन," असं म्हणून त्यानं दोरी कापून बंदूक उचलली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. "टिपी," ड्वाइट म्हणाला. दुसरं काही नाही. दात वाजत असल्यामुळे तेही धड कळत नव्हतं. एनार पुन्हा घरी गेला आणि त्यानं चुलीत लाकडं घातली. तो झोपला नाही.

रविवारी सकाळी ड्वाइट पट्ट्यात पुढे वाकून लोंबकळत होता. टोपीवर चार बोटं बर्फ साचलं होतं. एनारनं दोनदा हाक मारली. वरून उत्तर आलं नाही.

त्याला आनंद झाला नाही, दुःखही नाही. शेरीफकडं जायचं, सगळं सांगायचं आणि खणायला त्यांनाच लावायचं, असं त्यानं ठरवलं.

सोमवारी दुपारी तो दाढी करून, चांगला कोट घालून निघाला. फाटकापाशी टपालपेटीसमोर बर्फात चाकांच्या ताज्या खुणा होत्या, म्हणजे टपालवाला येऊन गेला होता. सवयीनं त्यानं आत हात घातला. पाकिटावर कारिनचं अक्षर होतं, डुलूथ शहरातल्या टपालाचा शिक्का होता.

त्यानं ते तिथंच उभं राहून फोडलं.

"पप्पा, राग गेला नव्हता म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता गेलाय. नाताळला घरी येते, ड्वाइटकडं. त्याला तुम्हीच सांगा, माझा धीर होत नाही. आणि टिपीला भेटून या एकदा. इथं खोलीवर कुत्रा ठेवू देत नाहीत, म्हणून त्याला ड्वाइटच्या हवाली करून आले."