बिनआवाजाचे ब्रेक

"काका, सत्तरीत शर्यत लावताय की काय?" गॅरेजवाल्या बाबूमियांनी विचारलं. देशिंगकरांनी मुलाच्या लाल स्पोर्ट्स कारसाठी सिरॅमिक ब्रेक पॅड निवडले होते.

"हे किंचाळत नाहीत ना?"

"मांजरासारखी थांबेल गाडी."

मार्चमध्ये तापाचं निमित्त होऊन मुलगा गेला. गाडी आता देशिंगकरच भाजीला काढत. फाटकाशी ब्रेक किंचाळले, की त्यांची बायको नलूताई "आला गं बाई!" म्हणत दाराकडे धावत. दारात कोथिंबिरीची जुडी धरलेला नवरा असे.

त्या दिवशी गाडी निमूट थांबली. देशिंगकर स्वतःच्या हुशारीवर खूष होत आत शिरले.

"आज ब्रेक वाजले नाहीत?" नलूताईंनी विचारलं.

"बदलले. आता धावायला नको तुला."

"धावू द्यायचंत की हो," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरापासून दारापर्यंत तरी तो असायचा."