नवऱ्याचं रक्त

"काका, तुमचं रक्त मावशींना चढवता येणार नाही," रक्तपेढीतली ओराथायबाई म्हणाली आणि तिनं काचेची नळी उजेडाकडे धरली. तळाशी रक्ताची गुठळी बसली होती. तिनं नळी हलवून दाखवली, तरी ती फुटेना.

थोंगसायला खरंच वाटेना. नवराबायको दोघांचाही गट ओ. काल चानफेंगला रक्ताची उलटी झाली, तशी त्यानं वडापच्या गाडीतले पॅसेंजर भर रस्त्यात उतरवले, तिला पाठीमागे आडवं केलं आणि दवाखाना गाठला. लगेच बाही वर करून एक पिशवी रक्तही दिलं. रक्त देणं त्याला काही नवं नव्हतं. पुण्य म्हणून देता देता याआधी एकेचाळीस वेळा झालं होतं.

"पुन्हा बघा. काहीतरी घोटाळा झाला असणार."

"तीनदा बघितलं."

"अहो, पण तो तरुण डॉक्टर म्हणाला, मशीनची तपासणी चोख आलीय, लावून टाकू!"

"मशीन मावशींचं रक्त ज्या नमुन्याच्या पेशींशी ताडून बघतं, त्या परदेशातून येतात, गोऱ्या लोकांच्या. आपल्याकडे दहातल्या एखाद्याच्या रक्तात एक खूण असते, ती त्यांच्यात जवळजवळ नसतेच. मग तपासणीत दिसणार काय, कपाळ? म्हणून मी प्रत्येक पिशवी पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघते. डॉक्टर ओरडतात. ओरडू देत."

ओराथायबाई अशी तोडून बोलायची. सव्वीस वर्षं ती त्याच स्टुलावर बसत होती. तिच्या मागच्या दारावर एक लांबलचक पाटी होती: इम्युनोहिमॅटोलॉजी. थोंगसायनं सकाळपासून ती चार वेळा वाचली होती, पण एकदाही धड शेवटापर्यंत पोचला नव्हता.

"ते काय लिहिलंय तिथं?" त्यानं चिडूनच विचारलं.

"रक्ताला आपलं कोण आणि परकं कोण हे कसं कळतं, ते बघायचं खातं."

"मग बघा की नीट! बत्तीस वर्षं संसार केलाय. मी परका?"

ओराथायबाईनं नळी खाली ठेवली. "मुलं किती तुम्हाला?"

"तीन."

"ती खूण तुमच्या रक्तात आहे, मावशींच्या नाही. मुलांनी ती तुमच्याकडून घेतली. बाळंतपणात मुलाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. मावशींच्या अंगानं ती खूण ओळखली आणि तिच्याशी भांडायची तयारी करून ठेवली. आता तुमची अख्खी पिशवी आत गेली, तर ते भांडण मावशींच्या जिवावर बेतेल. तुमची पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. मावशींसाठी आमच्याकडे वेगळ्या आहेत. दोन जुळल्यात. सही करा."

"कुणाच्या?"

"नाव सांगत नाही आम्ही."

थोंगसायनं पेन बाजूला सारलं. "नको. कुणा सोम्यागोम्याचं रक्त माझ्या बायकोच्या अंगात? दारुडा असेल, चोर असेल."

"तुम्ही घेता का?"

"काय?"

"दारू."

थोंगसाय घुटमळला. "सणावाराला... थोडी."

"एकेचाळीस जणांच्या अंगात तुमचं रक्त गेलं, काका. एकानं तरी येऊन विचारलं?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "मावशींना अजून रक्तस्राव होतोय. इथं आपण जेवढं बोलतोय ना, तेवढं तिकडे जातंय."

थोंगसायनं सही केली. घाईत नाव ओळीबाहेर गेलं.

दुपारी दुसरी पिशवी निम्मी झाली, तेव्हा चानफेंगच्या ओठांवर जरा रंग आला. थोंगसाय खाटेच्या कडेला बसून होता. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. ती वाचली याचा आनंद होताच, पण आत कुठेतरी अपमान सलत होता, आणि अशा वेळी तो सलावा याची त्याला लाजही वाटत होती. सांगावं की नको, असं त्याचं बराच वेळ चाललं होतं. शेवटी न राहवून त्यानं सांगितलंच.

"हे माझं रक्त नव्हे बरं का. माझं तुला सोसत नाही म्हणे. तुझं अंग त्याच्याशी भांडतं. पोरं झाली तेव्हापासून."

चानफेंगनं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"तीनदा नऊ-नऊ महिने सोसलं," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कुणाला तरी सोसू दे."