दहा सेकंद

माइक कधी जागा ठेवायचा आणि कधी झोपवायचा, हे ठरवणारा ड्रायव्हर प्रोग्राम माझा होता. त्यामुळे बोलणीही मलाच खावी लागली. अर्धांगवायू झालेल्यांचं बोलणं पडद्यावर उमटवणारं आमचं यंत्र घाटपांडे सरांच्या घरी दिवसभर कोरंच राहिलं होतं. बॅटरी वाचावी म्हणून दोन सेकंदांच्या शांततेनंतर माइक झोपायचा. सरांना एकेक शब्द जुळवायला आठ-नऊ सेकंद लागायचे.

त्यांच्या दिवाणखान्यात बसून मी दोनाचे दहा केले.

"आता काहीतरी विचारा," मी काकूंना म्हणाले.

"अहो, चहा घेणार ना?"

माइक जागा राहिला. तिसऱ्या सेकंदाला काकूच म्हणाल्या, "घेणार. दोन चमचे साखर घालून." यंत्राने ते चोख टिपलं.

पुन्हा करून पाहिलं. काकू पुन्हा तिसऱ्याच सेकंदाला. तो आकडा बदलणं माझ्या हातात नव्हतं.

काकू चहा टाकायला आत गेल्या. मी सरांना तोच प्रश्न विचारला आणि हाताची घडी घालून बसले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. चार शब्दांना अर्धं मिनिट लागलं. माइक एकदाही झोपला नाही.

काकूंनी ट्रे हातात धरून उभ्यानेच पडदा वाचला: 'मला चहा आवडत नाही.'

"तुमचं मशीन चुकीचं ऐकतंय," त्या मला म्हणाल्या.

सर हसले. त्याला मात्र वेळ लागला नाही.