पावलातलं पाऊल

विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा माग काढणाऱ्या म्हाताऱ्या धोंडिरामनं चिखलातली पावलं बघून आकारामचं नाव घेतलं. आकाराम साताऱ्याच्या तुरुंगात गेला. त्याचा थोरला भाऊ जालिंदर मास्तर मात्र सगळ्यांना सांगत राहिला, म्हातारा थापा मारतो.

एकोणऐंशी साली मास्तरानं वर्तमानपत्रातला पावलांच्या ठशांचा एक फोटो म्हाताऱ्यापुढं धरला. "किती माणसं गेलीत, सांगा."

धोंडिरामनं फोटो उन्हात नेऊन बघितला. "तीन हायती, गुरुजी. मोठ्याच्या पावलात पाऊल टाकत एकजण मागनं गेलाय."

मास्तर हसला. "आवं, ही आफ्रिकेतली पावलं. दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांची, छत्तीस लाख वर्षांमागची. अन् पेपरात दोघंच लिवल्यात!"

"असंल. मला तिघं दिसत्यात."

मास्तरानं ही गोष्ट हसत हसत गावभर केली.

महिन्याभरानं त्याच वर्तमानपत्रात आलं, की काही ठशांत दुसरे ठसे आढळले असून तिथून तिघं गेले असावेत, असा तज्ज्ञांना संशय आहे.

ते कात्रण मास्तरानं कुणालाच दाखवलं नाही. रविवारी तुरुंगात भेटायला गेल्यावर त्यानं भावाला पहिल्यांदाच विचारलं, "आकाराम, खरं सांग. मोटार तूच नेलीस का?"