काटा मध्यावर

शुक्रवारचा सूर्य बुडून शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, लागला की बाबांचं दफन करता येणार नव्हतं, आणि रोह्याच्या कबरस्तानात प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांपैकी नऊच उभे होते. दहावे एलियाहमामा कोलाडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. दुचाकी एकच होती, बाबांच्या इच्छेखातर त्यांच्या पेटीसोबत टेम्पोतून आणलेली बुलेट. युद्धात बुलेटवरून तोफांच्या माऱ्यातून निरोप पोचवणाऱ्या बाबांनी तिला कुणालाच हात लावू दिला नव्हता. डेबोराच्या भावानं किक मारली. उलट्या झटक्यानं तोच पडला. डेबोरा पुढं झाली. "घाई नको गो," आई म्हणाली. "लिव्हर दाबून किक हळू सरकव, करंटच्या मीटरचा काटा मधी आण. काटा मधी, म्हंजे निघायला तयार, म्हणायचे ते." काटा मध्यावर आला, तिनं किक मारली, बुलेट गरजली. सूर्य टेकायला आला तेव्हा मामा डेबोराच्या मागं बसून पोचले. तो बुडायच्या आत पेटी उतरली, प्रार्थना झाली. डेबोरानं अजून धडधडणारी बुलेट बंद केली. थरथरणारा काटा मध्यावर थांबला.